बारा वर्षांची कर्ती

संगीत नाटक मंडळी ही कलावंतांची खरी, पण ती एक पेढीही असे. तिला भागीदार असत, भांडवल असे, देणे-येणे असे. पडदे, पोशाख, ऑर्गन, तबले. साऱ्या मंडळींची दोन्ही वेळची पंगत. एका गावाहून दुसऱ्या गावी मुक्काम हलवण्याचे रेल्वेभाडे. आणि हे सारे भागवायचे ते रात्रीच्या तिकीटविक्रीवर. अवकाळी पाऊस आला किंवा गावात साथ पसरली, की मुक्काम आतबट्ट्याचा. या पेढीचा मुख्य माल म्हणजे माणसाचा आवाज. तो गोदामात साठवता येत नाही, मंदीत घेऊन तेजीत विकता येत नाही. आणि तो मुलाच्या गळ्यातला असेल, तर कोणत्या सकाळी फुटेल याचाही नेम नसतो.

स्त्रियांनी रंगभूमीवर येणे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. त्यामुळे नायिकांच्या भूमिका कोवळ्या आवाजाच्या मुलांकडे आणि तरुणांकडे जात. १९१३ साली बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळी सोडली आणि गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीला नव्या गळ्याची निकड लागली. त्याच सुमारास गोव्यातील मंगेशी गावचा एक मुलगा तिच्यात दाखल झाला. डिसेंबर १९०० मधला त्याचा जन्म. म्हणजे व्यापाऱ्याचा मुलगा दुकानाच्या गादीवर बसून माप शिकतो त्या वयाचा. हेच पुढचे मास्टर दीनानाथ मंगेशकर. पाच वर्षांत, १९१८ साली, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी ‘बलवंत संगीत मंडळी’ उभी केली. कामाला आलेला मुलगा सतरा-अठराव्या वर्षी स्वतः भागीदार झाला. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधली लतिका त्यांनी रंगवली, वामनराव जोशींच्या ‘रणदुंदुभी’तली तेजस्विनी रंगवली, त्यांच्या चपळ, आक्रमक तानांनी नाट्यगीताला एक वेगळाच डौल आला.

दीनानाथांचा विवाहसंबंध जुळला तो खानदेशात, तापीकाठच्या थाळनेरला. सासरे हरिदास रामदास लाड हे तेथील सधन गुजराती व्यापारी. मराठी गायकाच्या घरात गुजराती घरची लेक आली. थोरली नर्मदा अकाली वारली, तेव्हा तिची धाकटी बहीण शेवंती त्यांच्या घरी आली. पुढे सारे तिला माई म्हणू लागले. २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरला माईंच्या पोटी पहिली मुलगी झाली. नाव ठेवले हेमा, पण घरात रुळले ते लता. ‘भावबंधन’मधल्या लतिकेचीच ती आठवण, असे सांगतात. तिच्या पाठीवर मीना, आशा, उषा आणि सर्वांत धाकटा हृदयनाथ. एकीकडे मंगेशीचा देवळातला आणि रंगमंचावरचा स्वर, दुसरीकडे थाळनेरच्या आजीची लोकगीते. दोन्ही त्या मुलीच्या कानावर पाळण्यापासून पडत होती.

बलवंत मंडळीचे बिऱ्हाड सांगलीला होते. दीनानाथांकडे शिष्य शिकायला येत. एकदा ते बाहेर गेले असता एक शिष्य पूरिया धनाश्रीचा रियाज करीत होता. अंगणात खेळणाऱ्या पाचेक वर्षांच्या लतेला त्यात खोट जाणवली. ती आत गेली आणि कसे म्हणायला हवे ते तिने त्याला गाऊन दाखवले. दीनानाथ तेवढ्यात परतले होते आणि दारातून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी मुलीला उठवून तंबोऱ्यापुढे बसवले. घरातच शिष्य असताना आपण बाहेरच्यांना शिकवत बसलो, असे त्यांना वाटले, ही हकीकत लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितली. शाळेचे प्रकरण मात्र एका दिवसात मिटले. कडेवरच्या आशेला घेऊन ती वर्गात गेली, मास्तर रागावले, आणि ती परत त्या वाटेला गेली नाही. अक्षरओळख घरीच झाली.

नाटकमंडळीतल्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. विंगेत उभे राहून ते सारे पाठ करते. किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ लागलेले असताना एका मुक्कामी नारदाचे काम करणारा नट आलाच नाही. लता तेव्हा सातएक वर्षांची. नारद आपण करतो, आणि वन्समोअरही घेतो, असे तिने वडिलांना सांगितले. अर्जुन प्रत्यक्ष दीनानाथ. त्यांच्यापुढे हातभर उंचीचा नारद. प्रेक्षक हसतील ही त्यांची भीती रास्त होती. पण ती उभी राहिली, गायली, आणि म्हणाल्याप्रमाणे वन्समोअर घेऊन आत आली. ‘गुरुकुल’ नाटकात ती कृष्ण झाली, मीना सुदामा. १९३८ च्या सप्टेंबरात सोलापूरला दीनानाथांच्या मैफलीत ती प्रथमच वडिलांबरोबर गायली. तिने खंबावती राग आणि दोन नाट्यपदे म्हटली. मग वडिलांचे गाणे सुरू झाले आणि ती तिथेच, बैठकीवर, त्यांच्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेली. नऊ वर्षे पुरी होत आलेल्या मुलीने रात्री आणखी काय करावे!

या सगळ्यात कमाईचा प्रश्न अजून कोठेच नव्हता. मुलगी गात होती ती घरच्या पंगतीत वाढणारी मुलगी जशी हौसेने वाढते तशी. प्रश्न उभा राहिला तो पेढी बुडाल्यावर.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. चार आण्यांत तोच खेळ दिवसातून तीनदा पाहायला मिळू लागल्यावर रात्रभर चालणाऱ्या, पाच अंकांच्या, गावोगाव हिंडणाऱ्या पेढ्यांचे गिऱ्हाईक आटले. बऱ्याच मंडळ्यांनी हे हताशपणे पाहिले. बलवंत मंडळीने नवा धंदा अंगावर घेतला; ‘बलवंत पिक्चर्स’ काढून १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट केला. व्यापारी वाचकाला पुढचे सांगायला नको. जुन्या धंद्याची उतरती कळा आणि नव्या धंद्यातील अननुभव, दोन्हींचा भार एकाच भांडवलावर पडला. चित्रपट चालला नाही, कर्ज वाढले, मंडळी मोडली, सांगलीचे वैभव गेले. दीनानाथ कुटुंबासह पुण्याला आले. प्रकृती ढासळली होती, मनही. २४ एप्रिल १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी, ते गेले. मागे माई, चार मुली आणि साडेचार वर्षांचा मुलगा. वारसा म्हणावा तर तंबोरा आणि चीजांची वही.

लता त्या दिवशी बारा वर्षे सात महिन्यांची होती. सर्वत्र ‘तेरा वर्षांची’ असे लिहिले जाते. पण या वयात पाच महिन्यांचाही हिशेब धरावा लागतो.

एकत्र कुटुंबाचा जो कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे, त्यात कुटुंबाचा व्यवहार पाहणारा तो कर्ता. त्या काळच्या कायद्याप्रमाणे तो पुरुषच असे. मुलीला जन्मतः सहदायकाचा हक्क देशभर मिळाला तो २००५ सालच्या दुरुस्तीने. १९४२ साली पुण्याच्या त्या घरातला एकमेव पुरुष नुकताच धड बोलू लागला होता. कायद्याच्या पुस्तकात काहीही असो, त्या घराची कर्ती कोण हे पहिल्या आठवड्यातच ठरून गेले.

दीनानाथांना मुलीचे सिनेमात गाणे फारसे रुचले नव्हते. त्यांच्या हयातीतच ‘किती हसाल’ या चित्रपटासाठी तिचे एक गाणे ध्वनिमुद्रित झाले होते, पण चित्रपटात ते ठेवलेच गेले नाही. आता रुचण्या-न रुचण्याचा विचार करायला सवड नव्हती. मास्टर विनायक हे घरोब्यातले. त्यांच्या ओळखीने ‘नवयुग’च्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये लतेला छोटी भूमिका आणि गाणे मिळाले, सुतक फिटते न फिटते तोच ती कामावर गेली. कॅमेऱ्यापुढे उभे करण्याआधी तिच्या भुवया जाड आहेत म्हणून त्या कोरल्या गेल्या, कपाळावरचे केस मागे सारायचे म्हणून कापले गेले. घरी येऊन ती रडली. रंगमंचावरचा नारद तिने स्वतः मागून घेतला होता. हे तोंड मात्र तिला दुसऱ्यांनी करून दिले. अभिनय आपल्याला कधीच आवडला नाही, मेकअप, दिवे, सांगितल्यावर हसणे आणि सांगितल्यावर रडणे नकोसे वाटे, हे लताबाईंनी आयुष्यभर निःसंकोचपणे सांगितले. तरी पाच वर्षे तिने ते केले.

विनायकांनी नवयुग सोडून कोल्हापुरात ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ काढली, तेव्हा ती पगारी नोकरीवर तिथे गेली. ‘माझे बाळ’, ‘चिमुकला संसार’, ‘गजाभाऊ’, पुढे ‘बडी माँ’. कुठे बहीण, कुठे मैत्रीण, कुठे गर्दीतली एक. ‘माझे बाळ’मध्ये धाकट्या आशेचाही आवाज प्रथमच ध्वनिमुद्रित झाला; तीही तेव्हा दहाच्या आसपासची. विनायकांबद्दल त्या कुटुंबाची कृतज्ञता कधी आटली नाही, आणि ती योग्यच होती: आश्रय मिळाला, दरमहा पगार मिळाला, मुलीला गाणे शिकता आले. पण त्यांच्या भल्या स्वभावावाचून त्या मुलीच्या बाजूने दुसरे काहीही उभे नव्हते, हेही तितकेच खरे.

कायदा उभा नव्हता हे तर निश्चित. आपल्याकडे १९३८ साली मुलांच्या नोकरीसंबंधी कायदा झाला होता; त्याने पाहिली ती रेल्वे, बंदरे आणि विडी, काड्यापेट्या, गालिचे यांसारखे ठराविक उद्योग. नाटकमंडळी आणि स्टुडिओ त्याच्या यादीत नव्हते. नेमक्या त्याच वेळी अमेरिकेत एक प्रकरण गाजत होते. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ सालच्या ‘द किड’मध्ये काम केलेला जॅकी कूगन हा मुलगा जगभर लाडका झाला, आणि लहानपणीच त्याने काही दशलक्ष डॉलर मिळवले. सज्ञान झाल्यावर त्याने आपल्या मिळकतीची चौकशी केली तेव्हा आई आणि सावत्र वडिलांनी ती बहुतेक उडवलेली निघाली. १९३८ साली त्याने आईवर फिर्याद केली. हाती आले ते सुमारे सव्वा लाख डॉलर. त्या फिर्यादीतूनच १९३९ साली कॅलिफोर्नियात कायदा झाला, की बालकलाकाराच्या मिळकतीतला काही भाग त्याच्याच नावे राखून ठेवला पाहिजे. कूगनच्या घरी पैसा भरपूर होता आणि विश्वास नव्हता. मंगेशकरांच्या घरी विश्वास होता आणि पैसा नव्हता. पण दोन्ही घरांत एक गोष्ट सारखीच होती. मुलाने मिळवलेले मुलाचे, असे लिहिलेली ओळ कोणत्याच वहीत नव्हती.

आपल्याकडे ती ओळ यायला २०१७ साल उजाडले. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली; घरच्या उद्योगात शाळेची वेळ सोडून केलेली मदत आणि बालकलाकाराचे काम, एवढे दोन अपवाद राहिले. दुसऱ्या अपवादासाठी २०१७ च्या नियमांत अटी आल्या: मुलाने दिवसात पाच तासांहून अधिक काम करायचे नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही, सलग सत्तावीस दिवसांहून अधिक नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, मुलाची स्वतःची संमती घ्यायची, शिक्षण खंडित होऊ द्यायचे नाही, आणि मिळकतीचे निदान वीस टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळायचे. उरलेल्या ऐंशी टक्क्यांचा हिशेब नियमाने घरावर सोडला आहे.

हे सांगण्याचे कारण असे, की आवाजाचे काम करणारी मुले आज पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक आहेत. परदेशी कार्टून हिंदीत येतात, मराठीत येतात, जाहिराती होतात, बोलकी पुस्तके होतात; मुलाचा आवाज मुलाकडूनच हवा असतो. मुंबईतील डबिंगच्या खोलीत आठ-नऊ वर्षांचे मूल कानाला हेडफोन लावून माइकपुढे उभे राहते. समोरच्या पडद्यावर एक पात्र तोंड हलवते, आणि त्या ओठांच्या मापात वाक्य बसवायचे असते. वाक्य लांबले तर पुन्हा, आखूड झाले तर पुन्हा. कथा बहुधा ठाऊक नसते. वाक्ये तुकड्यातुकड्यांनी येतात. कधी नुसतेच धापा टाकणे, पडल्याचे ओरडणे, हुंदके. रंगभूमीवरच्या मुलाला समोर माणसे दिसतात, वन्समोअर मिळतो. इथे काचेपलीकडून ‘ठीक आहे, पुढचे’ एवढेच ऐकू येते. मुलगा तेराचौदाचा झाला, आवाज फुटला, की त्या पात्राला नवा आवाज मिळतो आणि प्रेक्षकाला बहुधा कळतही नाही. अनेकदा नामावलीत नावही नसते. हौशी आई-वडिलांना या कामात धोका दिसत नाही, कारण चेहरा कोणाला दिसत नाही, मूल ‘प्रसिद्ध’ होत नाही. पण नाव न लागणे हाही व्यवहारच आहे, आणि तो मुलाच्या बाजूचा नाही.

हा व्यवहार लतेने विसाव्या वर्षी अनुभवला.

१९४५ साली प्रफुल्लचे बस्तान मुंबईला हलले, तशी ती मुंबईला आली. नाना चौकातल्या छोट्या जागेत सारे कुटुंब राहू लागले. उस्ताद अमान अली खाँ भेंडीबाजारवाले यांच्याकडे तिची तालीम सुरू झाली. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या चौथ्या दिवशी, मास्टर विनायक वारले. पाच वर्षांत दुसऱ्यांदा तिच्यावरचे छत्र गेले आणि पगारही गेला. अठरा पुरी व्हायला महिनाभर अवकाश होता. या वळणावर तिने जे ठरवले त्यात बापाच्या धाडसाचा अंश दिसतो, पण हिशेब त्याहून पक्का. चेहऱ्याचे काम सोडायचे, गळ्याचेच करायचे. दरमहा बांधलेली रक्कम गेलीच होती. आता एकेका गाण्याचे पैसे.

पार्श्वगायन तेव्हा बारा वर्षांचे जुने होते. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ते प्रथम रुळवले. तरी मोठी नावे होती ती पडद्यावर स्वतः गाणाऱ्यांची. सैगल जानेवारी १९४७ मध्ये वारले, नूरजहाँ फाळणीनंतर पाकिस्तानात गेली. बाजारात जागा रिकामी झाली होती, पण ती या बारीक आवाजाची आहे असे कोणाला वाटत नव्हते. फिल्मिस्तानचे शशधर मुखर्जी यांनी हा आवाज फार पातळ आहे म्हणून ‘शहीद’साठी नाकारला. संगीतकार गुलाम हैदर यांना मात्र खात्री होती. ‘मजबूर’मध्ये त्यांनी तो वापरला.

ग्रँट रोडहून लोकल पकडून गोरेगाव, मालाड. स्टेशनपासून स्टुडिओपर्यंत टांग्याचे पैसे वाचवून पायी, आणि वाचलेल्या पैशांत परतताना घरची भाजी, असा त्या वर्षांचा दिनक्रम लताबाईंनी सांगितला आहे. ध्वनिमुद्रण पुष्कळदा रात्री, चित्रीकरण संपल्यावर चाले. आवाज येतो म्हणून पंखे बंद. बारा वर्षांच्या मुलीने भुवया कोरून घेतल्या तेव्हा तिला ज्या कामाचा वीट आला, त्यातून सुटण्याची ही किंमत होती, आणि ती देताना तिने कुरकुर केल्याचे कोणी सांगत नाही.

१९४९ साली बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ आला. खेमचंद प्रकाश यांनी बांधलेले त्यातले गूढ गाणे दुरून येत येत जवळ यावे, म्हणून गायिकेला खोलीच्या टोकापासून गात गात माइककडे चालत यायला सांगितले गेले. पडद्यावर मधुबाला होती. गाणे देशभर वाजू लागले. आकाशवाणीकडे पत्रे येऊ लागली, की ही गाते कोण? तबकडीवर गायिकेच्या जागी छापले होते: ‘कामिनी’. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचे नाव. ती तबकडी विकली जात होती, तिच्यावर कंपनीला पैसे मिळत होते, निर्मात्याला हिस्सा मिळत होता. आणि जिच्या गळ्याचा तो माल, तिचे नावही मालावर नव्हते. सातव्या वर्षी जिने वडिलांना सांगून वन्समोअर घेतला होता तिला हे किती लागले असेल, ते पुढच्या वीस वर्षांच्या तिच्या वागण्यावरून समजते.

लताबाईंच्या हट्टीपणाबद्दल चित्रसृष्टीत बरेच बोलले गेले. त्यांचे दोन हट्ट येथे सांगण्यासारखे आहेत. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ साली सुरू झाले, पण पार्श्वगायनाला त्यांत जागा नव्हती. १९५७ च्या समारंभात ‘चोरी चोरी’च्या संगीताला पुरस्कार मिळाला, त्यातले गाणे मंचावर म्हणण्याची विनंती शंकर-जयकिशन जोडीतल्या जयकिशन यांनी केली. पुरस्कार संगीताचा, तर संगीतच वाजवा, गायकाला पुरस्कार नाही तर गायक गाणार नाही, अशा अर्थाचे उत्तर लताबाईंनी दिले. १९५९ साली पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच, ‘मधुमती’साठी, मिळाला.

दुसरा हट्ट रॉयल्टीचा, आणि तो अधिक महाग पडला. गाण्याची तबकडी जितकी खपे तितका हिस्सा निर्मात्याकडे जाई. गायकाला ध्वनिमुद्रणाच्या दिवशी जे मिळाले ते मिळाले. त्या हिश्श्यातला वाटा गायकालाही हवा, असे लताबाईंचे म्हणणे होते. महंमद रफींचे मत वेगळे होते: ठरलेले पैसे घेतले, काम केले, आता पुढे हक्क कसला? रफी हे सरळ आणि उदार मनाचे गृहस्थ. त्यांचे म्हणणे मजुरीच्या व्यवहारात चोख बसते. घर बांधणारा गवंडी घराच्या भाड्यात वाटा मागत नाही. पण आवाज ही मजुरी की भांडवल, हाच तर वाद होता. ज्या मुलीने वडिलांची पेढी डोळ्यांदेखत बुडताना पाहिली, आणि ज्या घराला अडीअडचणीला विकायला एक गळा सोडून काही नव्हते, तिला तो गळा भांडवल वाटला याचे नवल नाही. साठीच्या दशकात या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले. त्या वर्षांत झाली असती अशी गाणी झाली नाहीत, हे रसिकांचे नुकसान दोघांच्याही खात्यावर पडते. पुढे समेट झाला आणि जोडी पुन्हा गाऊ लागली. प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो सुटला संसदेत. २०१२ सालच्या कॉपीराइट दुरुस्ती कायद्याने ३८-अ हे कलम घातले, आणि आपल्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाल्यास त्याची रॉयल्टी मिळण्याचा हक्क कलावंताला दिला. २१ जून २०१२ पासून ही दुरुस्ती अमलात आली. रफींना जाऊन तेव्हा बत्तीस वर्षे होत आली होती. लताबाई ब्याऐंशी वर्षांच्या होत्या.